अटकळीचा निष्कर्ष कसा होतो

प्रश्न असा आला आहे : "मी एका स्वयंसेवी संस्थेसाठी गावपाहणीचे अहवाल लिहिते. मी लिहिलं होतं, 'पाणी आणण्यात वेळ जात असल्यामुळे सातवीनंतर मुली शाळा सोडत असाव्यात, अशी आमची अटकळ आहे.' वरिष्ठांना 'अटकळ' हा शब्द गप्पांचा वाटला, त्यांनी 'अंदाज' केला. मुख्य कार्यालयात त्याचं 'अनुमान' झालं आणि छापील अहवालात 'निष्कर्ष'. हे शब्द समानार्थी नाहीत का? असतील तर माझी एवढी चिडचिड का होते आहे?"

तुमची चिडचिड रास्त आहे. समानार्थी शब्दांच्या वहीत हे चौघे एका ओळीत बसतात, वाक्यात बसत नाहीत. गावात तुम्ही जेवढं पाहिलं होतं तेवढंच शेवटपर्यंत राहिलं. मधल्या काळात कुणी नवा माणूस भेटला नाही, नवा कागद हाती आला नाही. पण प्रत्येक टेबलावर शब्दाला एकेक पायरी बढती मिळत गेली आणि शेवटी वाचणाऱ्याला वाटलं, संस्थेनं शोधून काढलेलं दिसतंय. मी बत्तीस वर्षं याच टेबलांपैकी कुठल्या तरी टेबलावर बसले आहे. आधी एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होते, पुढे अहवालांचं भाषांतर आणि संपादन केलं. या शब्दांवर माझा जीव आहे. त्यांच्यामुळे माणसांचं काय होतं तेही मी जवळून पाहिलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचा मूळ शब्द बरोबर होता. अटकळ 'बांधतात'. हाताशी दोन-चार धागे असतात, ते पुरेसे नाहीत हे बांधणाऱ्याला ठाऊक असतं आणि तरीही त्यातून काहीतरी आकार येतो आहे असं वाटतं. हा अपुरेपणा अटकळ लपवत नाही. मंत्रिमंडळ विस्ताराच्या बातम्यांनी 'अटकळबाजी' हा शब्द इतका वापरला की त्या बाजीपायी अटकळीची अब्रू गेली. शब्दाचा त्यात दोष नाही. 'अटकळ' वाचून वाचक आपोआप सावध होत असेल, तर अहवालाला याहून प्रामाणिक शब्द कुठला?

अंदाज मोजता येणाऱ्या गोष्टीचा असतो. फारसीतून आला आणि मराठीत हिशेबाला बसला. अंदाजपत्रक, खर्चाचा अंदाज, पावसाचा अंदाज, अंदाजानं घातलेलं मीठ. किती, केवढं, केव्हा, यांची उत्तरं अंदाज देतो. पुढे मोजमाप होणार आणि आपण किती चुकलो ते कळणार, हे त्यात धरलेलं असतं. भारतीय हवामान विभाग एप्रिलमध्ये मोसमी पावसाचा अंदाज सांगतो, तेव्हा दीर्घकालीन सरासरीच्या इतके टक्के असं म्हणून लगेच पुढे जोडतो, पाच टक्के इकडे-तिकडे. ही सरासरीसुद्धा सांगितलेली असते, १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची, ८७ सेंटिमीटर. आपली चूक किती असू शकते हे आपणच सांगून ठेवणं, हा अंदाजाचा धर्म.

महसूल खात्यातली पैसेवारी पाहा, म्हणजे ठरलेल्या प्रमाण उत्पन्नाला शंभर पैसे धरून यंदाचं पीक किती पैसे उतरलं त्याचा आकडा. खरीप शेतात उभं असतानाच गावाची 'नजरअंदाज पैसेवारी' काढतात, म्हणजे पिकाकडे डोळ्यानं पाहून केलेला हिशेब. त्यानंतर सुधारित येते आणि शेवटी अंतिम. ५० पैशांच्या वर की आत, यावर गावाच्या टंचाईच्या सवलतींची भाषा ठरत आली आहे, त्यामुळे त्या आकड्याकडे सगळ्या गावाचा जीव लागलेला असतो. मला या पद्धतीतलं एक फार आवडतं. डोळ्यानं पाहिलेल्याला 'नजरअंदाज'च म्हणतात. पीक कापून, मळून, वजन करून आलेल्या आकड्याला ते नाव देत नाहीत. तीन पायऱ्यांना तीन नावं आहेत आणि पायरी चढल्याशिवाय नाव बदलत नाही. तुमच्या वाक्याच्या नशिबी नेमकं हेच आलं नाही. (हिंदीच्या सहवासानं 'नजरअंदाज करणे' म्हणजे दुर्लक्ष करणे, असा वापर आता आपल्याकडेही चालतो. तलाठ्याच्या कागदावर मात्र त्याचा जुना, नजरेनं अदमासण्याचा अर्थ टिकून आहे.)

अदमास आला म्हणून सांगते, तो अंदाजाच्या अगदी जवळ असूनही वेगळा आहे. अदमास 'घेतात'. त्यात अंगाला काहीतरी करावं लागतं. पोतं थोडं उचलून बघायचं, पाण्यात काठी घालून बघायची, समोरच्याशी चार वाक्यं बोलून बघायची. जुना 'अजमास' आणि 'अजमावणे' हीही तीच भावंडं. नुसतं खुर्चीत बसून अदमास घेता येत नाही.

आता तुमच्या वाक्यात 'अंदाज' का बसत नाही ते पाहा. 'किती मुली शाळा सोडत असतील' याचा अंदाज होतो. 'का सोडत असतील' याचा होत नाही, कारण 'का' ची पुढे मोजणी होत नाही. वर्तमानपत्रांनी हा भेद पार पुसून टाकला आहे आणि त्यात माझाही हात होता.

दैनिकात असताना एका संध्याकाळी तालुक्याच्या वार्ताहराचा फोन आला. विहिरीत एका तरुणाचा मृतदेह सापडला होता. मी फोनवर ऐकत चार ओळी टिपल्या आणि शेवटी सवयीनं लिहिलं, 'कर्जबाजारीपणाला कंटाळून आत्महत्या केल्याचा प्राथमिक अंदाज आहे.' हे वाक्य आमच्याकडे जवळजवळ तयार ठेवलेलं असायचं. आठ-दहा दिवसांनी त्या मुलाचे वडील कार्यालयात आले. पिशवीतून घडी घातलेला तो अंक काढला, टेबलावर पसरला आणि त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "ताई, ह्यो अंदाज कुणी क्येला?"

मला उत्तर देता आलं नाही. पोलिसांनी केला नव्हता, त्यांनी तोवर काहीच म्हटलं नव्हतं. डॉक्टरांनीही केला नव्हता. मी वार्ताहराला फोन लावला. तो म्हणाला, फाट्यावरच्या हॉटेलात लोक बोलत होते. मुलगा मोटर दुरुस्त करायला विहिरीत उतरला होता आणि त्याला विजेचा धक्का बसला होता. त्याच्या नावावर रुपयाचं कर्ज नव्हतं. वडिलांचं दुःख मरणाचं होतंच, पण ते आले होते दुसऱ्या कारणानं. धाकट्या लेकीचं लग्न जमवायचं चाललं होतं आणि पाहुण्यांनी ती बातमी वाचली होती. आम्ही दुरुस्ती छापली. पाहुण्यांनी ती वाचली की नाही ते मला कळलं नाही.

त्या दिवसापासून मी 'प्राथमिक अंदाज' हे जोडशब्द हाताखालून जाऊ दिलेले नाहीत. 'प्राथमिक' म्हटलं की पुढे दुय्यम, अंतिम असं काही चालू असल्याचा भास होतो, जणू तपासाची पहिली फेरी झाली आहे. 'अंदाज' म्हटलं की कुणीतरी जाणकारानं मोजून पाहिल्याचा. त्या मागे होती ती हॉटेलातली वावडी. आपल्याकडे वावडी आहे, आवई आहे, कंडी आहे, अफवा आहे. इतके शब्द असताना आम्ही तिला अंदाजाचे कपडे घालून वाचकाच्या दारात उभं केलं होतं. म्हणून माझी पहिली विनंती हीच, की अंदाज लिहिलात तर तो कुणाचा हे त्याच वाक्यात लिहा. कर्ता सापडत नसेल तर तो अंदाज नव्हे.

तर्क आणि अनुमान यांची गंमत अशी, की शेजारच्या हिंदीत हे दोन्ही शब्द वेगळ्या घरी नांदतात. हिंदीत 'तर्क' म्हणजे युक्तिवाद आणि 'अनुमान' म्हणजे अंदाज. मराठीत 'माझा तर्क आहे' म्हणजे मी डोकं चालवून एक शक्यता मांडतो आहे, आणि अनुमान म्हणजे खुणेवरून काढलेली गोष्ट. हिंदी वाहिन्या ऐकून मराठी लिहिणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते. तुमच्या मुख्य कार्यालयातही तसंच झालं असावं, त्यांना बहुधा 'अंदाज'च म्हणायचा होता.

पण मराठीत अनुमान हा भारी शब्द आहे, कारण त्याच्यामागे न्यायदर्शनाचं, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेचं वजन आहे. नैयायिकांनी प्रमाणं चार मानली, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. अनुमान त्यात दुसरं, म्हणजे खरं ज्ञान मिळवून देणारं साधन. तर्काला मात्र त्यांनी प्रमाणांत बसवलं नाही. सोळा पदार्थांच्या, म्हणजे विचाराच्या विषयांच्या यादीत तो वेगळा येतो, प्रमाणाला मदत करणारा म्हणून. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे विस्तव आहे, हे अनुमान. का? कारण जिथे धूर तिथे विस्तव हा नियम, ज्याला ते व्याप्ती म्हणतात, आधी स्वयंपाकघरात पुन्हापुन्हा पाहून पक्का झालेला असतो. खूण हवी आणि खुणेचा नियमही हवा. तुमच्याकडे दोन गोष्टी पाहिलेल्या आहेत, मुली पाणी आणतात आणि मुली शाळा सोडतात. पहिलीमुळे दुसरी घडते, हा नियम कुणी कुठे तपासला? पाणी दारात असलेल्या गावात मुली टिकतात का, पाणी आणणाऱ्या मुली आणि न आणणाऱ्या मुली यांच्यात फरक दिसतो का? तो तपासेपर्यंत तुमच्यापाशी तर्क आहे. अनुमान नाही आणि निष्कर्ष तर अजिबात नाही. व्याप्तीशिवाय उडी मारण्याला आपल्या आजीपणजींनी 'सुतावरून स्वर्ग गाठणं' म्हटलं आहे. आणि दोन गोष्टी केवळ एका वेळी घडल्या म्हणून एकीला दुसरीचं कारण ठरवू नये, यासाठी 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला' ही म्हण आहे. अहवाल लिहिणाऱ्या प्रत्येकानं ती टेबलावर चिकटवून ठेवावी, इतकी ती कामाची आहे.

कयास, होरा, आडाखा, ठोकताळा यांच्यावर फार थांबत नाही. कयास अरबीतून आला. इस्लामी धर्मशास्त्रात आधीच्या निवाड्याशी साम्य पाहून नव्या प्रकरणाचा निर्णय करणं म्हणजे कयास. मराठीतही त्याला जाणत्या माणसाचा वास आहे, म्हणून 'राजकीय जाणकारांचा कयास' शोभतो. होरा ज्योतिषातून आला. प्राचीन ज्योतिषी वराहमिहिरानं 'अहोरात्र' शब्दाची पुढची-मागची अक्षरं गाळून होरा झाला असं एक मत नोंदवलं आहे, आजचे अभ्यासक तो ग्रीकमधून आल्याचं मानतात. काहीही असो, होरा 'चुकतो' हे मराठी माणूस आधीच धरून चालतो. आडाखे अनुभवाचे असतात. कावळ्यानं घरटं झाडाच्या शेंड्याला बांधलं की फांद्यांच्या बेचक्यात, यावरून पाऊस सांगणारा शेतकरी आडाखा बांधतो. ठोकताळ्यात 'ताळा' ऐकू येतो, गणित बरोबर आलं का ते पडताळण्याचा ताळा, पण इथे तो ढोबळ, ठोक. भाकीत या सगळ्यांपासून लांब. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेची घटमांडणी करून पीकपाण्याचं सांगतात, किंवा कोल्हापूरकडे पट्टणकोडोलीच्या जत्रेत भाकणूक होते, तिथे सांगणारा पुराव्याचा दावा करत नाही आणि ऐकणारा मागतही नाही. 'शासनाचं भाकीत' असं मी एका अहवालात वाचलं तेव्हा तो शब्द खोडला. हवामान विभागाला भाकणुकीच्या ओळीत बसवणं दोघांवरही अन्याय आहे.

समज, ग्रह आणि गृहीत यांना मात्र वेळ द्यायला हवा, कारण अंदाज करणाऱ्याला आपण अंदाज करतो आहोत हे माहीत असतं. समज असणाऱ्याला ते माहीत नसतं. 'पोलिओच्या लशीमुळे मूल होत नाही असा गावात समज होता.' ज्याचा समज आहे तो त्याला समज म्हणत नाही, तो त्याला खरं म्हणतो. समज हा शब्द नेहमी बाहेरून पाहणाराच वापरतो. म्हणून अहवालात गावकऱ्यांचा तो 'समज' आणि आपला तो 'निष्कर्ष' असं वाटप दिसलं की मी थांबते आणि दोन्हींखालचा पुरावा बघते. पुष्कळदा सारखाच निघतो.

ग्रह, पूर्वग्रह, आग्रह, गृहीत, सगळे एकाच संस्कृत धातूचे, ग्रह् म्हणजे पकडणे. समज अंगावर येऊन बसतो, ग्रह आपण धरून ठेवतो. 'माझ्याबद्दल ग्रह करून घेऊ नका' यात तेच आहे. गृहीत मात्र उघड उघड धरायचं असतं. शाळेच्या भूमितीत पक्ष, साध्य, सिद्धता अशा तीन ओळी लिहायचो, त्यातली पहिली ओळ, म्हणजे हे दिलेलं आहे, यावर वाद नको. अर्थशास्त्राच्या पुस्तकात प्रत्येक सिद्धांताखाली 'गृहीतके' म्हणून वेगळा मथळा असतो. कायद्याचंही असंच आहे. सात वर्षं ज्याचा ठावठिकाणा त्याच्या जवळच्या माणसांना लागलेला नाही, तो जिवंत आहे असं जो म्हणेल त्यानं ते शाबीत करावं, असं १८७२ च्या पुरावा कायद्यानं सांगितलं आणि नव्या साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. मृत्यू कुणी पाहिलेला नसतो. पण आपण गृहीत धरतो आहोत हे कायदा लपवत नाही, आणि त्याविरुद्ध सिद्ध करायचं ओझं कुणावर तेही सांगतो. गृहीत धरायची ही रीत मला आदर्श वाटते. तुमच्या अहवालात 'गृहीतक' शब्द कुणी सुचवला तर एवढंच विचारा, आपण हे तपासणारच नाही आहोत का? तपासायला घेतलेल्या विधानाला संशोधनपद्धतीच्या मराठी पुस्तकांत कुठे गृहीतकृत्य, कुठे परिकल्पना, कुठे अभ्युपगम म्हणतात. नाव कुठलंही घ्या, पण तपासायचं ते आणि न तपासता चालायचं ते, यांना एकच नाव देऊ नका.

माणसावर बोट जातं ते शब्द आणखी जपून वापरायचे. शंका प्रश्नाच्या रूपात येते, ती विचारता येते, वर्गात बोट वर करून विचारता येते. संशय माणसावर 'घेतात'. वहीम जुन्या फौजदारी भाषेतला, तो माणसावर 'येतो'. मनात पाल चुकचुकते तेव्हा अजून नावही ठरलेलं नसतं. कुणकुण लागते तेव्हा मात्र खरंच काहीतरी घडत असतं, फक्त आवाज स्पष्ट नसतो. 'गैरव्यवहाराची शंका' आणि 'सरपंचांवर संशय' ही दोन वाक्यं एकाच माहितीवर लिहिली जातात, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

आता तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सांगते. मराठीत न पाहिलेल्या गोष्टीचं माप नामापेक्षा क्रियापदात जास्त असतं. दाराबाहेर चप्पल दिसली. 'दादा आला असेल', ही नुसती शक्यता, चप्पल नसती तरी म्हटलं असतं. 'दादा आला असावा', काहीतरी खूण आहे, तिच्यावरून मन झुकलं आहे. 'दादा आला असणार', खुणेहून माणसाची सवय जास्त माहीत आहे, यावेळी तो येतोच. 'दादा आलेला दिसतोय', चप्पल आत्ता डोळ्यांसमोर आहे. 'दादा आला वाटतं', तेच, जरा हलक्या सुरात. पण 'वाटतं' पुढे आणून 'मला वाटतं, दादा आला' म्हटलं की ते मत होतं, खूण मागे पडते. 'दादा आलाय म्हणे', हे तिसऱ्यानं सांगितलं, माझी जबाबदारी नाही. एका 'म्हणे'त बातमीचा उगम आणि बोलणाऱ्याचं अंतर दोन्ही येतात. एवढं बारीक माप हाताशी असताना आपण लिहायला बसलो की 'असे मानले जाते', 'असे बोलले जाते' लिहितो. कोण मानतं? कोण बोलतं? तसंच 'माझा विश्वास आहे की'. मराठीत विश्वास माणसावर असतो, शब्दावर असतो. विधानाबद्दल मला वाटतं, माझं मत आहे, माझी खात्री आहे, यांतलं जे खरं असेल ते लिहावं. तिघांत खूप अंतर आहे.

तुमच्या वाक्यात 'असाव्यात' होतं, ते कुणीही बदललं नव्हतं ना? मग छापील अहवालात 'मुली शाळा सोडत असाव्यात, असा आमचा निष्कर्ष आहे' असं आलं असणार. क्रियापद म्हणतं मन नुसतं झुकलं आहे, नाम म्हणतं संपलं. वाक्य वाचताना तुम्हाला खुपलं ते बहुधा हेच.

पुढच्या आवृत्तीसाठी असं करून बघा. ज्या घरांत बोललात ती मोजा आणि लिहा, 'पाहिलेल्या इतक्या घरांपैकी इतक्या घरांत मुलींनी सातवीनंतर शाळा सोडली आहे.' ही माहिती. 'त्यांपैकी इतक्या आयांनी पाण्याचं कारण सांगितलं.' हे त्यांचं म्हणणं, त्यांच्या नावे. 'पाण्याचा वेळ आणि शाळागळती यांचा संबंध असावा अशी आमची अटकळ आहे. ती आम्ही तपासलेली नाही.' हे तुमचं. आणि गावात पुन्हा जाल तेव्हा शाळेचं हजेरीपत्रक मागून घ्या. उन्हाळ्याकडे, टाक्या आटायला लागल्यावर मुलींच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढतात का, आणि त्याच वर्गातल्या मुलांच्या नावापुढे वाढतात का, ते महिन्यामहिन्यानं बघा. तसं दिसलं तर 'अनुमान' हा शब्द मी स्वतः तुमच्या अहवालात लिहीन.